ऑगस्टाला भूक लागली

हे कोणाला पटणार नाही, ते मी आधीच सांगून टाकतो. पटलंच तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी राहिलं असं समजेन. पस्तीस वर्षांत ही गोष्ट मी दोनशे वेळा तरी सांगितली असेल. व्हेंचुरा रस्त्यावरच्या याच खाणावळीत, याच कोपऱ्यातल्या टेबलाशी, दर बुधवारी दुपारी. आणि त्या दोनशे वेळांत माझी बायको मॅव्हिस टेबलाशी नव्हती. आज आहे. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरानं तिच्या डोळ्यांत थेंब घातले, तिला गाडी चालवता येईना, आणि घरी एकटी बसायला ती तयार नव्हती. काळा चष्मा लावून समोर बसलीय आणि कोबीची कोशिंबीर काट्यानं टोचून टोचून खातेय. चष्म्यामागे ती माझ्याकडे बघतेय की भिंतीकडे, कळायला मार्ग नाही. मी म्हणणार होतो की आज गोष्ट नको. पण डच ओस्टरमननं आपली भाची आणली होती. डच म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या लेखकांच्या संपात स्टुडिओच्या आमच्या फाटकाचा मुकादम. तेव्हा दाराएवढा होता, आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. भाची टॅमसिन मालिका लिहिते, म्हणजे सध्या लिहीत नाही, कारण पुन्हा संप चालू आहे. अंगात संपाचा निळा सदरा, नाक उन्हानं सोललेलं. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "तुमच्या वेळी कुणी फुटलं होतं का हो? म्हणजे पैशासाठी नाही. दुसऱ्या कशासाठी?" आणि डच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याला विचार. हा फुटला होता. एका ओळीपुरता." झालं. कोशिंबिरीतला काटा थांबला असं मला वाटलं, पण तो पुन्हा चालू लागला, म्हणून मीही चालू लागलो.

सुरुवात न्याहारीच्या टेबलावर झाली. संपाचा तिसरा आठवडा. मी पावाला लोणी लावत होतो आणि मॅव्हिस दिवसाची पानं पाठ करत होती. ती 'कॉर्बिन्स लँडिंग' या दुपारच्या मालिकेत ऑगस्टा व्हेनचं काम करायची, आणि अकरा वर्षं ऑगस्टाला मी बोलतं केलं होतं. लेखकांचा संप होता, नटांचा नव्हता. नटांचा करार त्यांना रोज कामावर आणून उभं करत होता, म्हणून एकाच घरातून ती कामाला जायची आणि मी त्याच कामाच्या फाटकाशी फलक धरायला. ती पानावरचं पुटपुटत होती आणि मधेच म्हणाली, "मला क्षमा कर, हॅरॉल्ड." एवढंच. माझ्या हातातली सुरी लोण्यात रुतून राहिली. दाढेत थंड पाणी जावं तसं काहीतरी कानातून आत गेलं. अकरा वर्षांत ऑगस्टानं कुणाची क्षमा मागितली नव्हती. तीन नवरे केले, एक विमान पडलं, एका बेटावर स्मृती गेली आणि नाताळच्या आठवड्यात परत आली, सख्ख्या बहिणीला तिनं जिन्यावरून ढकललं, क्षमा नाही. ऑगस्टा माझ्या आईवरून आली होती. क्लीव्हलंडला आमचं टोप्यांचं दुकान होतं, आणि आई गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चुकीची टोपी बसवून म्हणायची, "टोपी बरोबर आहे, तुमचं डोकं आज जरा थकलंय." शेवयांची खीर तळाला करपली तर म्हणायची, "तिला करपायचंच होतं." बाबा वारले त्या दिवशीसुद्धा ती त्यांच्यावर चिडलेलीच होती, की मंगळवारी कोण मरतं, मंगळवारी माल येतो. त्या बाईच्या तोंडात कुणीतरी 'मला क्षमा कर' घातलं होतं. मी मॅव्हिसकडे बघितलं. ती पानाकडे बघत होती. "काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. लोणी घट्ट आहे."

काही नाही, कारण नियम होता. लेखक संघाचा नियम असा, की संपात लिहायचं नाही म्हणजे अजिबात नाही. स्वल्पविराम हलवणं म्हणजेसुद्धा लिहिणं. एक शब्द कापणं म्हणजे लिहिणं. नटानं विचारलं, 'हे नीट वाटतं का?' आणि तुम्ही मान हलवली, तर ती मानही लिहिते. डचनं पहिल्याच दिवशी फाटकाशी सगळ्यांना उभं करून हे सांगितलं होतं आणि कुणीतरी मागून विचारलं होतं, "गॅस कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं तर?" डच विचार करून म्हणाला होता, "त्यात पात्रं नसतील तर लिही." तेव्हा आम्ही हसलो. तिसऱ्या आठवड्यापासून मला हसू येईना. रोज सकाळी मी मॅव्हिसचा पाठ घ्यायचो, म्हणजे समोरच्याची वाक्यं वाचायची आणि तिनं आपली म्हणायची. वाचणं म्हणजे लिहिणं नव्हे, एवढी सूट होती. आणि दर वाक्याला माझ्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. जीभ टाळूला दाबून धरावी लागायची. मी खोकायचो. मी वाईट शब्दाला खोकतो हे मॅव्हिसच्या लक्षात आलं, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या लक्षात आलंय, आणि मग मी खोकणंही बंद केलं. खोकणं लिहिण्यात मोडतं का हे डचला विचारायचं धाडस मला झालं नाही. टंकलेखनाचं यंत्र गॅरेजमध्ये टॉवेलाखाली झाकलेलं होतं. संध्याकाळी मी तिथं जाऊन उभा राहायचो, पिंजरा झाकला की पोपट गप्प होतो तसं ते गप्प होतं. टॉवेल उचलावा, एक कळ दाबावी, फक्त आवाज ऐकावा. पण शेजारी ऐकतील. शेजारीही लेखक होता.

टॅमसिन म्हणाली, "पण मालिका थांबल्या नाहीत का? रात्रीच्या तर सगळ्या थांबल्या." रात्रीच्या थांबल्या. जुने भाग पुन्हा, मग त्याच जुन्या भागांचे जुने भाग, मध्ये कुठल्यातरी गावातले शिपाई कुठल्यातरी चोराच्या मागे पळताहेत, कुत्री उड्या मारताहेत, नवशिके लोक गाताहेत. आमचा वाणी अगोपियन पिशवीत वांगी भरता भरता मला म्हणाला होता, "वेंडेल, तुमच्या संपामुळे माझी आई एकच खून तिसऱ्यांदा बघतेय. आता खुनी आला की ती त्याला म्हणते, ये बाबा, बस." पण दुपारच्या मालिका थांबत नसतात. दुपारची मालिका म्हणजे नळाचं पाणी, एक दिवस गेलं की लोक दुसऱ्या घरी भांडी घेऊन जातात आणि परत येत नाहीत. म्हणून आमच्या निर्मात्यानं, टीसडेल त्याचं नाव, फुटायला तयार असलेले लेखक शोधले. मिळाले नाहीत म्हणून आपल्या बायकोचा भाऊ लिहायला बसवला. तो वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रांवर चार ओळी लिहायचा. ही थाप नाही. महिन्याभरात कॉर्बिन्स लँडिंगमधला प्रत्येक माणूस प्रत्येकाचं भलं चिंतू लागला. खुनाच्या खटल्यात सरकारी वकील आरोपीला म्हणाला, 'तुझ्या वाटेवर फुलं असोत.' न्यायाधीश रडला. त्या नटाला रडायला सांगितलं नव्हतं, तो चिडून रडला होता. मी हे दुपारी घरी बघायचो, खिडक्या बंद करून, आवाज बारीक करून, जणू वाईट काही बघतोय. ऑगस्टा पडद्यावर यायची, माझी ऑगस्टा, मॅव्हिसचा चेहरा घेऊन, आणि दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची. आपल्या घरात कुणी परका माणूस आपले कपडे घालून वावरतोय आणि आपण दारात उभे, तसं काहीतरी. तसंही नाही. त्या परक्या माणसाच्या अंगावर आपले कपडे नीट बसताहेत, हा तो त्रास.

आणि फाटक. आमच्याकडे एकच गाडी होती, इंजिनाचा पंखा-पट्टा किंचाळणारी. सकाळी साडेसहाला आम्ही दोघं निघायचो, मॅव्हिस चालवायची. फाटकाच्या अलीकडच्या चौकात तांबडा दिवा लागायचा, तिथं मी उतरायचो, मागच्या जागेवरून फलक काढायचो आणि चालत पुढं जायचो. पाच मिनिटांनी ती गाडी घेऊन फाटकातून आत. नटांच्या गाडीवर ओरडायचं नाही असं ठरलं होतं, पण बघायचं तर असतंच, आणि बघणं वाईट. म्हणून डचनं एक रीत पाडली होती: ज्याची बायको किंवा नवरा आत जातोय, त्यानं तेवढ्यापुरती पाठ फिरवायची. आमच्या फाटकाशी असे चौघं होतो. गाडी आली की डच म्हणायचा, "वेंडेल, मागं वळ." मी वळायचो. समोर रस्त्यापलीकडे गादीचं दुकान होतं आणि त्याच्या काचेत एक बाई कायम झोपलेली असायची, पुठ्ठ्याची. पंखा-पट्ट्याची किंचाळी मागून यायची, फाटकाशी थांबायची, पुन्हा सुरू व्हायची आणि लांब जायची. चौदा आठवडे मी माझ्या बायकोचं जाणं फक्त कानांनी ऐकलं. तिनं आत जाताना माझ्याकडे बघितलं का, मला कधी कळलं नाही. विचारलंही नाही. पाठमोऱ्या माणसाची मान कशी दिसते, कोण जाणे. मला वाटायचं, माझी मान त्या दिवसांत लहान झाली होती.

"बिचारी मॅव्हिस," टॅमसिन म्हणाली आणि तिच्याकडे वळली. "तुम्हाला काय वाटायचं हो?" मॅव्हिस म्हणाली, "मला उशीर झालेला असायचा." डच हसला. मीही हसलो. हे उत्तर गोष्टीत नाही. गोष्टीत मॅव्हिस यावर बोलतच नाही, गोष्टीत ती फक्त मूठ मिटते. मी घाईघाईनं पुढं गेलो.

चौदाव्या आठवड्यात पानं आली. गुरुवारी ऑगस्टा मरणार. टीसडेलला खर्च कमी करायचा होता, आणि सत्तेचाळीस वर्षांची बाई मारली की कुणी काच फोडत नाही असा त्याचा हिशेब. रुग्णालयाचा पलंग, नळ्या, तिचा सध्याचा नवरा हॅरॉल्ड उशाशी. ऑगस्टानं दीड पान सगळ्यांची क्षमा मागायची, एकेकाचं नाव घेऊन, बहिणीची, जिन्याचीसुद्धा, मग डोळे मिटायचे. मॅव्हिसनं ती पानं बुधवारी संध्याकाळी टेबलावर ठेवली आणि संत्रं सोलायला घेतलं. सालीचा वास स्वयंपाकघरभर झाला. तो वास आला की अजूनही माझ्या हाताला घाम येतो. का, कोण जाणे. ती म्हणाली नाही की आता माझं काय होणार. सत्तेचाळिसाव्या वर्षी या गावात नटी नोकरी शोधत नाही, भिंतीवरचे फोटो मोजते. तिनं मागितलं नाही, हे मी ठासून सांगतो. तिचा तो स्वभाव नाही. मागितलं असतं तर मीच नाही म्हणालो असतो, कारण नियम म्हणजे नियम, आणि डचच्या नियम पाळणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे चौदा आठवड्यांच्या खुणा होत्या, एकही चुकलेली नाही. ज्याच्या नावापुढे काही नसतं त्याला नियम मोडणं सोपं असतं. माझ्यापुढे खुणा होत्या. तिनं मागितलं नाही. नळ ठिबकत होता, तिनं उठून तो घट्ट पिळला, एवढंच.

मग गुरुवारची सकाळ. इथं मी नेहमी जरा थांबतो आणि पाणी पितो. पाण्याला आज काकडीच्या लोणच्याचा वास येतोय. चौकातला तांबडा दिवा लागला. मी उतरायला दार उघडलं आणि उतरलो नाही. तिच्या पिशवीतली भुवयांची पेन्सिल काढली, तिचा डावा हात स्टिअरिंगवरून उचलला, तळवा उलटा केला आणि त्यावर दोन शब्द लिहिले. दोनच. गुदगुल्या होऊन तिचा हात आखडला. दिवा हिरवा झाला, मागच्यानं भोंगा वाजवला. तिनं मूठ मिटली आणि मी उतरलो. असं झालं. आणि तरी त्या सकाळचं म्हणून मला आठवतं ते सगळं पायांचं आठवतं. जॅकरंडाचा बहर संपत आला होता, पदपथावर जांभळ्या फुलांचा चिकट लगदा, बुटाच्या तळव्याला चिकटून चुकचुकणारा. दर पावलाला कुणीतरी जिभेनं 'च्च' करतंय. एका बागेत पाणी फिरत होतं आणि ते माझ्या विजारीवर उडालं. एक कुत्रा दोन घरं माझ्याबरोबर आला आणि मग त्याला माझा कंटाळा आला. खांद्यावर फलकाची काठी रुतत होती. एवढं सगळं त्या पाच मिनिटांत कसं मावलं, मला सांगता येत नाही. आठवणीचं असंच असतं, ती आपल्याच गिऱ्हाइकाला चुकीची टोपी घालते.

आत काय झालं ते मला नंतर दहा जणांनी सांगितलं. दुपारच्या मालिकेत चित्रण थांबवत नाहीत. दिवसाला सत्तर पानं उरकायची असतात. नट अडखळला तर अडखळू द्यायचं, भिंत हलली तर वारा समजायचं. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, सातला दिवे बंद. ऑगस्टा पलंगावर. हॅरॉल्ड रडतोय. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. आता दीड पान क्षमा. मॅव्हिसनं डोळे उघडले, त्या माणसाकडे माझ्या आईसारखं बघितलं, टोपी बरोबर आहे आणि तुझं डोकं थकलंय असं, आणि म्हणाली: "भूक लागलीय." बस्स. कुणी हललं नाही. हॅरॉल्डचं रडं अर्ध्यावर थांबलं. डॉक्टरचं काम करणारा सत्तरीचा लायनेल प्रॅट, नाटकात पन्नास वर्षं घालवलेला, त्यानं घड्याळ बघितलं, तिची नाडी धरली, आणि शांतपणे म्हणाला, "सिस्टर, हिला अंडं द्या. अर्धं उकडलेलं." सिस्टर म्हणजे एक मुकी भूमिका, तिला बोलायचे पैसेच नव्हते. ती मान हलवून निघून गेली आणि खरोखर उपाहारगृहातून अंडं घेऊन आली. ऑगस्टानं ते पूर्ण खाल्लं. चार मिनिटं. मीठ मागितलं. टीसडेल नियंत्रण कक्षाच्या काचेमागे नाचत होता म्हणे. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तसंच गेलं. आठवड्याभरात अकरा हजार पत्रं आली. आयोवामधल्या एका बाईनं अंडी पाठवली, पेंढ्यात गुंडाळून, तीनच फुटली. ऑगस्टा आणखी नऊ वर्षं जगली. मीही संपानंतर तिला लिहिलं, नऊ वर्षं, पण तसे दोन शब्द मला पुन्हा सुचले नाहीत. रोज सकाळी कागद घालायचो आणि वाटायचं, त्या दोन शब्दांच्या उंचीचं काहीतरी. नाही आलं. लोक मला मेजवान्यांत भेटायचे, हात दाबायचे, हळूच कानात म्हणायचे, 'आम्हाला माहितीय हं, कुणी लिहिलं ते.' पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं तेव्हा मी नुसता हसलो होतो. हसणं लिहिण्यात मोडत नाही. दुसऱ्यांदा भुवई उडवली. पेन्सिल कितव्या वेळी आली ते आता आठवत नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं," डच टॅमसिनला म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. हा माणूस त्या सकाळी फाटकाशी आला तेव्हा पांढराफटक होता, घामानं भिजलेला. मी म्हटलं, यानं काहीतरी केलंय. काढून टाकायला हवा होता. पण मी यादीत याच्या नावापुढे खूण केली. माझ्या आयुष्यातली एकच खोटी खूण, वेंडेल."

"देव तुझं भलं करो," मी म्हणालो. "तुझ्या वाटेवर फुलं असोत."

टॅमसिन हसली नाही. तिच्या सोललेल्या नाकाचा शेंडा आणखी लाल झाला होता. "म्हणजे चौदा आठवडे तुम्ही एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाहीत," ती म्हणाली, "आणि तिच्यासाठी मोडलात. तिनं न मागता." तिनं टेबलावरून हात पुढं करून माझ्या मनगटावर ठेवला. तिचा नवरा छायाचित्रण करतो, तो सध्या काम नसल्यानं घरी बसलाय आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे डचनं मला आधी सांगितलं होतं. "हे मी त्याला सांगणार आहे. आज घरी जाऊन सांगणार आहे." तिच्या हाताचं वजन फार नव्हतं, पण मला माझं मनगट सोडवून घ्यावंसं वाटलं. दोनशे वेळा गोष्ट सांगितली, पण कुणी ती घरी नेईन असं म्हणालं नव्हतं. लोक हसायचे, बिल मागायचे, गाड्या शोधायचे. ही पोरगी ती उचलून नवऱ्यासमोर ठेवणार होती, बघ, माणसं असं करतात म्हणून. तोंडात आलं होतं की, अगं, म्हाताऱ्याचं काय ऐकतेस. तेवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "एका ओळीपुरताच गं. दोन शब्द."

मॅव्हिसनं काटा खाली ठेवला, बशीच्या कडेला नीट, दाते खाली करून. चष्मा काढला. थेंबांमुळे तिच्या बाहुल्या डोळाभर पसरल्या होत्या, काळ्याभोर, त्यांत बुबुळाचा रंगच उरला नव्हता. तिला आम्ही तिघंही धूसर दिसत असणार. तरी ती बरोबर माझ्याकडे बघत होती.

"कुठला हात म्हणालास?"

"डावा," मी म्हणालो. "मॅव्हिस, जाऊ दे ना, जेवण थंड—"

"कोशिंबीर आहे ती, थंडच असते." मग ती टॅमसिनकडे वळली, आणि नाटकात मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो त्या आवाजात बोलली, म्हणजे डचला यंत्रांशिवायही ऐकू गेलं असतं. "खोटं आहे हे, पोरी. घरी नेऊ नकोस. त्या सकाळी हा गाडीत नव्हताच. दोन मैल चालत गेला फाटकापर्यंत, माझ्याशेजारी बसायला नको म्हणून. आदल्या संध्याकाळी मी याच्याकडे एक ओळ मागितली होती, यानं दिली नाही. ते दोन शब्द माझे."